उपासमार, जीवनसत्त्वांची तूट आणि मज्जासंस्था

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असते. पण स्वस्थ पडून असलेल्या माणसाच्या शरीरात जी ऊर्जा खर्च होते, तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. ही ऊर्जा मुख्यतः ग्लुकोजपासून येते आणि तिचा साठा करण्याची सोय मेंदूत जवळजवळ नाही. तरीही नुसत्या अर्धपोटी राहण्याने मेंदू लगेच कोलमडत नाही. अन्न तुटले की यकृत चरबीपासून कीटोन बनवते आणि मेंदू त्यांवर बराच काळ निभावून नेतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरले. ते खिन्न, चिडखोर आणि एकलकोंडे झाले, दिवसरात्र खाण्याचाच विचार करू लागले. बुद्धिमापनाच्या चाचण्यांत मात्र त्यांची फारशी घसरण दिसली नाही.

प्रौढ माणसाच्या मज्जासंस्थेला यापेक्षा मोठा धोका असतो तो खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढून देणारे आणि मज्जातंतूंची डागडुजी करणारे सूक्ष्म घटक तुटल्यावर. अशी तूट भरल्या पोटीही येते. ती किती दिवसांत अंगावर येणार, हे त्या घटकाच्या शरीरातील शिलकीवर ठरते. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व शरीरात २५ ते ३० मिलिग्रॅम एवढेच असते आणि पुरवठा थांबला तर दोन-तीन आठवड्यांत संपते. ब-१२ ची शिल्लक २ ते ५ मिलिग्रॅम, पण रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच असल्याने ती काही वर्षे पुरते. म्हणून पहिल्याची तूट अपघातासारखी समोर येते आणि दुसऱ्याची इतक्या संथपणे की रुग्ण ती वयाच्या खाती टाकून मोकळा होतो.

थायमिनवाचून ग्लुकोजचे ज्वलन अर्ध्यावर अडते. पायरुव्हेट डिहायड्रोजनेज, अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजनेज आणि ट्रान्सकीटोलेज ही विकरे त्याच्या मदतीशिवाय चालत नाहीत. पेशीत लॅक्टिक आम्ल साचते, पेशी सुजते आणि मरते. मेंदूच्या ज्या भागांत चयापचय सर्वांत वेगवान, ते आधी निकामी होतात: थॅलॅमसचा मधला भाग, स्तनाकार पिंड आणि मेंदूच्या मध्यातून जाणाऱ्या अरुंद नलिकेभोवतीचा भाग. बर्लिनमध्ये कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये अशा तीन रुग्णांचे वर्णन केले. दोघे अट्टल मद्यपी होते. तिसरी शिवणकाम करणारी तरुणी. तिने गंधकाम्ल प्यायले होते, त्याने जठराचे तोंड आक्रसले आणि उलट्या थांबेनात. डोळ्यांची बुबुळे नीट न फिरणे, चालताना झोकांड्या जाणे आणि भान हरपत जाणे ही तिन्ही लक्षणे त्यांच्यात होती. तिघेही दगावले.

ही तीन लक्षणे वैद्यकाच्या पुस्तकांत इतकी ठाशीव बसली की ती एकत्र दिसल्याशिवाय रोगाचा संशयच घेतला जात नाही. ऑस्ट्रेलियात शवविच्छेदनावरून निदान झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १६ टक्के रुग्णांतच तिन्ही लक्षणे नोंदली गेली होती. त्यामुळे आता मद्यपी रुग्णाच्या बाबतीत आहाराची तूट, डोळ्यांतील दोष, तोल जाणे आणि मनोवस्थेतील किंवा स्मृतीतील बिघाड या चारपैकी दोन गोष्टी आढळल्या तरी निदान धरावे असा निकष वापरतात. उपचार लांबले आणि रुग्ण वाचला, तर पुष्कळदा मागे राहतो तो रशियन मनोविकारतज्ज्ञ सर्गेई कोर्साकोव्ह यांनी वर्णिलेला स्मृतिलोप. असा रुग्ण जुन्या गोष्टी सांगतो, बोलण्यात सुसंगत वाटतो, पण सकाळी भेटून गेलेला माणूस दुपारी त्याला अनोळखी असतो. आणि काय जेवलात असे विचारले तर न घडलेले जेवण तो तपशीलवार वर्णन करून सांगतो. तो खोटे बोलत नसतो. रिकामी जागा त्याचा मेंदू आपोआप भरून काढत असतो.

हा दारुड्यांचा रोग आहे हा समज दुसऱ्या महायुद्धातच मोडायला हवा होता. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर चांगीच्या छावणीत कोंडलेल्या ब्रिटिश कैद्यांना मुख्यतः पॉलिश केलेल्या तांदळाचा भात मिळे. डी वॉर्डनर आणि लेनॉक्स या कैदी डॉक्टरांनी तेथे पाहिलेल्या ५२ रुग्णांचा वृत्तांत १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. या कैद्यांना दारू कोठून मिळणार? आमांशाने खंगलेल्या शरीरात थायमिनची शिल्लक संपली होती, एवढेच. आज हा आजार गरोदरपणातील न थांबणाऱ्या उलट्या, वजन घटवण्यासाठी केलेली जठराची शस्त्रक्रिया, कर्करोग आणि दीर्घकाळ चालणारी डायलिसिस यांच्या मागोमाग येतो. तीन आठवडे उलट्या करणारी गरोदर बाई चालताना अडखळू लागली, तर ते अशक्तपणाचे लक्षण म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

तांदूळ आणि मज्जातंतूंचा संबंध पहिल्यांदा कळला तो कोंबड्यांमुळे. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधणाऱ्या क्रिस्तियान आयकमन यांना १८९० च्या दशकात दिसले की पांढऱ्या भातावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या उभ्या राहतात. त्यांना वाटले, तांदळात काही विष आहे. कोंड्यात आवश्यक असा घटक आहे हे त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये मांडले. तो घटक, म्हणजेच थायमिन, स्फटिकरूपात १९२६ मध्ये जावातच हाती आला. आयकमन यांना नोबेल १९२९ मध्ये मिळाले.

भारतात बेरीबेरीचे ठिकाण होते मद्रास इलाख्याचा आंध्र किनारा. कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत अ‍ॅक्रॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की रोग गिरणीत पॉलिश केलेला कच्चा तांदूळ खाणाऱ्यांत आहे. उकडा तांदूळ खाणारे त्यातून सुटतात. भात साळीसकट भिजवून उकडला की कोंड्यातील थायमिन दाण्याच्या गाभ्यात मुरते आणि नंतर पॉलिश केले तरी बरेचसे टिकते. कोकण आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिणाऱ्यांना हे संरक्षण आयतेच मिळत आले आहे, कारण भात वेळल्यावर निथळणाऱ्या पाण्यात उतरलेला भागही पेजेतून पोटात जातो. याच्या उलट टोक काश्मीरमध्ये दिसते. पॉलिशचा तांदूळ अनेकदा धुऊन खाणाऱ्या आणि बाळंतपणात पथ्यापायी मोजकेच पदार्थ घेणाऱ्या मातांची, निव्वळ अंगावर पिणारी दोन-तीन महिन्यांची बाळे उलट्या, धाप आणि बेशुद्धी घेऊन रुग्णालयात येतात. जंतुसंसर्ग समजून उपचार केले तर ती हातची जातात. थायमिन शिरेतून दिले तर काही तासांत सावरतात. २००३ मध्ये इस्रायलमध्ये सोयापासून केलेल्या बाळदुधाच्या एका प्रकारात थायमिन नसल्याचे उघड झाले, तोवर काही अर्भके दगावली होती आणि वाचलेल्यांपैकी काहींना अपस्मार व विकासातील मंदत्व जडले.

उपचाराबाबत दोन गोष्टी पक्क्या आहेत. संशय येताच थायमिन शिरेतून आणि मोठ्या मात्रेत द्यायचे असते. ब्रिटनमधील पद्धत ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी आहे. आणि ग्लुकोजची सलाइन त्याच्या आधी एकटी चढवायची नसते, कारण ग्लुकोज जाळताना उरलेसुरले थायमिनही संपते. बुबुळांची हालचाल काही तासांत किंवा दिवसांत सुधारते, तोल आठवड्यांनी, स्मृती पुष्कळदा कधीच नाही. औषध स्वस्त, धोका नगण्य आणि रक्ततपासणीचा अहवाल यायला दिवस लागणारे. अशा वेळी अहवालाची वाट पाहण्यात शहाणपण नाही.

नायसिनच्या तुटीचा पेलाग्रा हा रोग मक्याबरोबर जगभर पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी तो १७३५ मध्ये ओळखला. उन्हाने भाजल्यासारखी कातडी, जुलाब आणि बुद्धिभ्रंश ही त्याची ओळख. मक्यातील नायसिन आतड्याला सोडवून घेता येत नाही. मेक्सिकोतील बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते मोकळे होते. युरोपने मका नेला आणि ती रीत मागे ठेवली. अमेरिकेच्या दक्षिणेत तो साथीचा रोग मानला जात होता. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून अनाथालये आणि तुरुंग पालथे घालून तो आहाराचा असल्याचे सिद्ध केले. औषध सापडले १९३७ मध्ये. दख्खनच्या पठारावर मात्र तो मका न खाणाऱ्यांत, ज्वारीवर जगणाऱ्यांत आढळला. ज्वारीतील अतिरिक्त ल्युसिन नायसिनच्या आड येते, अशी उपपत्ती गोपालन आणि श्रीकांतिया यांनी हैदराबादेतून १९६० मध्ये मांडली. भाकरीबरोबर डाळ आणि दूध असले की प्रश्न उद्भवत नाही. दुष्काळात नेमके तेच तुटते. मेंदूची लक्षणे झोप उडणे आणि उदासी यांपासून सुरू होऊन भ्रमापर्यंत जातात. मद्यपींमध्ये ती कातडीवरच्या खुणेविनाही येतात, म्हणून थायमिनने न सुधारणाऱ्या रुग्णाला नायसिनही देऊन पाहतात.

ब-१२ ची गोष्ट वेगळी. ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाचा सारा भरवसा दूध-दह्यावर, आणि ते परवडेल तेवढेच. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांत ब-१२ कमी निघाले. खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन गटांत सर्वाधिक तूट मध्यमवर्गात होती: ८१ टक्के. कुपोषण म्हणजे दारिद्र्य, या समीकरणाला हा आकडा सरळ छेद देतो. पोटातील आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही तूट आणखी वाढते. ब-१२ शोषले जाण्यासाठी लागणारा घटकच ज्यांच्या जठरात बनत नाही असे लोक मांसाहारी असूनही तिला बळी पडतात.

ब-१२ तुटले की मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन उसवते. मज्जारज्जूच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यांत ही झीज होते, असे रसेल, बॅटन आणि कोलियर यांनी १९०० मध्ये लंडनमध्ये दाखवले. मागच्या पट्ट्या पाय कोठे टेकला आहे याची खबर मेंदूला देतात. ती खबर थांबली की रुग्ण डोळ्यांच्या आधारावर चालू लागतो. उजेडात फारसे कळत नाही. पण बेसिनवर वाकून तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, अंधाऱ्या जिन्यात पाय चुकतो, आणि चप्पल वाटेत कोठे निसटली ते घरी पोचल्यावर कळते. चप्पल निसटते आहे हे कळते पण धरता येत नाही, अशी तक्रार असेल तर दोष स्नायूंच्या दुबळेपणाकडे जातो. निसटल्याचे कळलेच नाही, अशी असेल तर संवेदनेकडे. या एका प्रश्नाने पुष्कळ वाट मोकळी होते. पुढे तळव्यांना मुंग्या, कापसावर चालल्याची भावना, पायांत ताठरपणा, विसराळूपणा, संशयी वृत्ती, क्वचित भास.

रक्तक्षय नाही म्हणून ब-१२ ठीक असणार, हा तर्क धोक्याचा आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या तुटीमुळे मज्जासंस्थेचे विकार झालेल्या १४१ रुग्णांपैकी ४० जणांत ना रक्तक्षय होता, ना तांबड्या पेशी मोठ्या झाल्या होत्या. त्यात फॉलिक आम्लाची गोळी एकटीच दिली तर रक्त सुधारते आणि मज्जारज्जू आतून झिजत राहतो. उपचार सोपा आहे, ब-१२ ची इंजेक्शने; सुधारणा बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत दिसते. किती सुधारणार, हे लक्षणे किती जुनी आहेत यावर ठरते.

आईची तूट बाळात उतरते. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशा अर्भकांचे वर्णन केले: वजनाने फारशी खंगलेली नसलेली, अंगावर पिणारी, विरळ भुरे केस आणि काळवंडलेले बोटांचे पेर असलेली बाळे हसायचे विसरतात, मान धरेनाशी होतात आणि पुढे हातपाय थरथरू लागतात. आई शाकाहारी असते आणि तिच्या दुधात ब-१२ नसते. पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषणाच्या अभ्यासातील काही मुले नऊ वर्षांची झाल्यावर तपासली, तेव्हा गरोदरपणी ज्यांच्या आईचे ब-१२ सर्वांत कमी होते ती मुले एकाग्रतेच्या आणि तात्पुरते लक्षात ठेवण्याच्या चाचण्यांत मागे पडली.

फोलेटचा इतिहास मुंबईतून जातो. ल्युसी विल्स यांनी १९२८ पासून येथील कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले. त्या अर्कातील घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. गर्भाच्या मज्जासंस्थेशी त्याचा संबंध १९९१ मध्ये पक्का झाला. आधीचे मूल पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषाचे असलेल्या बायकांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले, तर दोष पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. गर्भाची मज्जानलिका धारणेनंतर २८ दिवसांत मिटते. गरोदरपणाची नोंदणी होऊन गोळ्या हाती पडेपर्यंत ही वेळ बहुधा टळलेली असते, त्यामुळे किशोरवयीन मुलींना दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या लोह-फॉलिक गोळ्यांचे महत्त्व वाटते त्याहून जास्त आहे.

बाकीच्या तुटींचा उल्लेख थोडक्यात पुरे. क्षयावरील आयसोनियाझिड ब-६ खेचून नेते, म्हणून त्याच्यासोबत पायरिडॉक्सिन देतात. पण तेच ब-६ भरमसाट घेतले तर मज्जातंतू बिघडतात. चरबी न पचणाऱ्या आजारांत ई जीवनसत्त्व तुटून तोल जातो. तांब्याची तूट हुबेहूब ब-१२ च्या तुटीसारखी दिसते. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम तुटलेल्या अर्भकाला झटके येतात.

टंचाईत माणूस जे खातो, त्याचेही विष असते. सागर भागात १८३० च्या सुमारास गहू बुडाला आणि लोक लाखेच्या डाळीवर जगले; धडधाकट तरुणांचे पाय कायमचे लुळे पडल्याची नोंद ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांनी करून ठेवली आहे. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत निघणारी लाखोळी तीच. पाऊस नसला तरी ती तगते, हाच तिचा गुण आणि हाच धोका. तिच्यातील विषारी अमिनो आम्ल भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये वेगळे केले. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा जास्त भाग दोन-तीन महिने सलग लाखोळीचा असला, तर पायांचा ताठर पक्षाघात होतो आणि तो उलटत नाही. अधूनमधून, इतर धान्यासोबत, भिजवून पाणी टाकून खाल्लेली लाखोळी वेगळी. लाखोळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये आलेल्या बंदीवरून पुढे जे वाद झाले ते यावरूनच. आफ्रिकेत कडू कसावा नीट न भिजवता खाल्ल्याने असाच कोंझो नावाचा पायांचा पक्षाघात होतो. क्यूबात सोव्हिएत मदत आटल्यावर १९९१ ते १९९३ दरम्यान ५० हजारांहून अधिक लोकांची दृष्टी मंदावली किंवा हातापायांचे मज्जातंतू बिघडले. सरकारने साऱ्या देशाला जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली.

उपाशी माणसाला एकदम पोटभर जेवू घालणे हेही संकट ठरू शकते. साखर पोटात जाताच इन्सुलिन वाढते, फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम रक्तातून पेशींत शिरतात, रक्तातील फॉस्फेट कोसळते. झटके, भ्रम, श्वसनाचे स्नायू दुबळे पडणे आणि हृदय थांबणे इथवर गोष्ट जाते. महिनाभराच्या उपोषणानंतरचा पहिला आठवडा म्हणून अधिक जपायचा असतो. आहार थोडथोडा वाढवायचा, थायमिन आधी द्यायचे आणि क्षार रोज मोजायचे.

लहान मुलांत हा सारा हिशेब अधिक कडक होतो, कारण त्यांचा मेंदू अजून घडत असतो. दोन वर्षांपर्यंत तो प्रौढ आकाराच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंत पोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील १०.९ टक्के मुले उंचीच्या मानाने अतितीव्र कमी वजनाची निघाली. अंगणवाडीत दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला की ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित बालक. असे मूल रडतही नाही, खेळण्याकडे हात करत नाही, नजर देत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्याच्या मेंदूला खरी भीती रक्तातील साखर उतरण्याची आणि अंग गार पडण्याची असते, म्हणून दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे दूध पाजतात. आक्रसलेला मेंदू उपचारांनंतर काही महिन्यांत आकाराने बराच भरून येतो, असे एमआरआयमध्ये दिसले आहे. आयोडीनच्या तुटीत मात्र गर्भावस्थेत झालेले नुकसान जन्मानंतर भरून निघत नाही. कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून पाहिलेल्या प्रयोगाने ते टाळता येण्याचा मार्ग दाखवला.

उपासमारीने बुद्धी कायमची खुंटते का, याचे उत्तर सरळ नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात शिधा दिवसाला १००० किलोकॅलरींच्या खाली गेला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलग्यांची १९ व्या वर्षी लष्करभरतीत बुद्धिचाचणी झाली, तेव्हा काही फरक आढळला नाही. त्यांच्यामागे आधी आणि नंतर पुरेसे अन्न होते. दुष्काळाच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्यांत मात्र स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आणि मज्जानलिकेचे दोष अधिक निघाले. जमैकातील किंग्स्टनमध्ये १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचे गट करून काहींना पूरक आहार दिला, काहींच्या घरी दर आठवड्याला आरोग्यसेविका जाऊन आईला मुलाशी खेळायला शिकवू लागली, काहींना दोन्ही मिळाले. दोन वर्षांत आहार आणि खेळ दोन्हींचा फायदा दिसला. ती मुले २२ वर्षांची झाली तेव्हा आहाराचा वेगळा फायदा उरला नव्हता. खेळाचा उरला होता, बुद्ध्यंकात आणि शिक्षणातही. तीव्र कुपोषणाच्या उपचारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आखलेल्या दहा पायऱ्यांत खेळ आणि जिव्हाळ्याचा सहवास ही नववी पायरी आहे. तिला औषध लागत नाही. रिकाम्या डब्या, बाटल्यांची झाकणे आणि चिंध्या यांची खेळणी करून दिली, तर मूल वॉर्डात असतानाच आई ती सुरू करू शकते.